करिअर मास्तरांची शिफारस

काष्टीच्या शनिवारच्या बाजारात माणसानं दोन गोष्टी करू नयेत. एक, बैलाच्या मागं उभं राहू नये; आणि दुसरी, चारचौघांत पत्र्याची ट्रंक उघडू नये. बैल लाथ मारतो, आणि ट्रंक उघडली की हा गडी काहीतरी विकायला आलाय असं धरून लोक कोंडाळं करतात. गोरक्षनाथ नवले या तरुण मास्तराला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तो भंडारदऱ्याकडचा, डोंगरातला माणूस. आणि काष्टीत उतरून त्याला अर्धा तासही झाला नव्हता.

सत्तर सालची दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. सकाळची शाळा सुटली होती आणि गावच्या हायस्कुलात मराठी शिकवणारी केशर लगड जनावरांच्या बाजाराच्या कडेकडेनं घरी निघाली होती. लिंबाखाली गर्दी दिसली म्हणून ती थांबली. मधोमध एक उंच, सावळा तरुण उकिडवा बसून ट्रंकेतले रंगीत तक्ते वरखाली करत होता. सदऱ्याची इस्त्री केव्हाच मोडलेली, कपाळावर घाम, आणि चेहऱ्यावर मात्र असा भाव की जणू सगळं अगदी ठरल्याप्रमाणे चाललंय.

"ह्ये लाळखुरकतावर चालतंय का?" एका शेतकऱ्यानं ट्रॅक्टरचं चित्र असलेला तक्ता उचलून विचारलं.

"काका, हे औषध नाही. ही माहिती आहे. तुमचा मुलगा अकरावीला असेल, तर त्यानं पुढं काय करावं—"

"मुलगा न्हाई, खोंड हाय," शेतकरी म्हणाला, आणि गर्दी खो खो हसली.

केशरला त्याची दया आली. खरं सांगायचं तर दया थोडी आणि गंमत जास्त. गर्दीतून वाट काढत ती पुढं झाली आणि म्हणाली, "पाव्हणं, आधी ट्रंक मिटा. मग लोक आपोआप जातील."

त्यानं वर पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. मग मुकाट्यानं ट्रंक मिटली, आणि लोक खरोखरच पांगले. हायस्कूलच्या हेडमास्तरांचं नाव लिहिलेलं बदलीचं पत्र तळाशी गेलं होतं, ते शोधण्यासाठी हा सगळा खटाटोप, असं त्यानं सांगितलं. केशर म्हणाली की हेडमास्तरांचं घर तिच्या वाटेवरच आहे, आणि ती त्याच हायस्कुलात शिकवते.

"म्हणजे मी शाळा शोधत बसलो होतो, आणि शाळाच चालत आली," तो म्हणाला.

केशरनं मान वळवली. हसू आलं होतं, ते बैलांनी पाहिलं तर चालणार होतं, त्यानं नको. त्यानं ट्रंक खांद्यावर टाकली. हमाल करा की, असं ती म्हणाली, तर म्हणतो कसा, आमच्याकडं डोंगरात खांद्यावर काही नसलं की माणसाचा तोल जातो.

सोमवारी प्रार्थनेनंतर हेडमास्तर काकासाहेबांनी त्याची ओळख करून दिली. नवले सर भूगोल शिकवतील, आणि शिवाय ते करिअर मास्तर आहेत. मुंबईला सरकारी प्रशिक्षण घेऊन आलेत. अकरावीनंतर, म्हणजे मॅट्रिक झाल्यावर, कुणी काय शिकावं, कुठं प्रवेश घ्यावा, कुठल्या नोकरीला काय लागतं, हे ते मुलांना सांगतील. पोरं एकमेकांकडं बघत राहिली. गावाचा हिशेब आजवर फार सोपा होता. मुलगा पास झाला तर मिलिट्री नाहीतर एस.टी., नापास झाला तर शेत. आणि मुलगी पास होवो की नापास, लग्न.

केशरसुद्धा याच हिशेबातली होती. नगरला मामाकडं राहून ती बी.ए. झाली, एवढंच काय ते वेगळं. हायस्कुलात तिला घेतलं होतं ते बिनप्रशिक्षित म्हणून, वर्षावर्षाच्या बोलीवर. कायम व्हायचं तर पुण्याला जाऊन बी.एड. करायला हवं होतं. तिला ते करायचं होतं, फार करायचं होतं. पण तिचे आबा, म्हणजे वडील बन्सी लगड, यांनी तिला परगावी बी.ए. होऊ दिलं हेच भावकीला जास्त वाटत होतं. आई लहानपणीच गेलेली. घर सांभाळायची ती रतनआत्या, आणि तिचा रोजचा पाढा एकच, औंदाच्या लग्नसराईत पोरीचे हात पिवळे करायचे. बी.एड.चा शब्द केशरच्या जिभेवर शंभरदा यायचा आणि शंभरदा ती तो भाकरीच्या घासाबरोबर गिळायची.

नवले सरांनी आल्या आल्या शाळेचा रंग पालटला. भिंतींवर तक्ते लागले. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची माहिती आली, आय.टी.आय.ची आली, नर्सिंगच्या शाळेची आली. प्रत्येक पोराला ते एकच प्रश्न विचारायचे, तुला काय व्हायचंय? आणि मग स्वतः गप्प बसायचे. पोरगं बोलेपर्यंत बसून राहायचे. 'हे हो' असं ते कधी कुणाला सांगत नसत. केशरला आधी वाटलं, हे काय मार्गदर्शन? मग तिनं पाहिलं की त्या गप्प बसण्यातच खरी मेख होती. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी आपलं उत्तर ऐकायला थांबलंय, हे कळल्यावर पोरं भडाभडा बोलायला लागत.

अकरावीत सात मुली होत्या. त्यांतल्या तिघींना परीक्षेनंतर नगरला मुलाखतीला जावं लागणार होतं, कुणाला नर्सिंगला, कुणाला डी.एड.ला. म्हणून सरांनी मुलाखतीची तालीम ठेवली. टेबलामागं काकासाहेब आणि नवले सर, कडेला केशर, समोर रिकामी खुर्ची. पहिली आली ती रंगू दांगट, वर्गात दुसरी येणारी मुलगी.

रंगू दारातून आली ती डोक्यावर पदर घेऊन. ती आधी काकासाहेबांच्या पाया पडली, मग सरांच्या, मग केशरच्या. खुर्ची बाजूला सारून ती खाली मांडी घालून बसली आणि नजर स्वतःच्या अंगठ्यावर लावली. नाव विचारलं, तिनं अख्खं सांगितलं, वर मामाचं गावही सांगितलं. मग काकासाहेबांनी विचारलं, बाळ, तुला काय काय येतं?

"बाजरीची भाकरी येती," रंगू हळूच म्हणाली. "जवारीची येती. मांडं बी येत्यात, पर फाटत्यात कवाकवा."

खिडकीबाहेर कान लावून बसलेली पोरं फुटली. काकासाहेब हसले. आणि नवले सरही हसले. रंगूला कळेना काय चुकलं. ती उठली, आणि त्या हसण्यातच, न सांगता, चार पावलं चालून दाखवून परत बसली.

केशरच्या अंगाची आग झाली. तिनं रंगूला वर्गाबाहेर नेलं, पाणी दिलं, आणि परत येऊन नवले सरांसमोर उभी राहिली.

"परक्या माणसांनी समोर बसून तिला प्रश्न विचारले असं तिच्या जन्मात एकदाच झालंय, सर. गेल्या वैशाखात. तिला बघायला आले होते तेव्हा. तिला एवढीच मुलाखत माहीत आहे, आणि ती तिनं नीट दिली. चुकलं असेल तर आपलं चुकलं."

सरांचं हसू जागच्या जागी गेलं. केशर पाय आपटत घरी गेली, आणि रात्री आपण एका माणसावर इतकं का चिडलो याचा विचार करत राहिली. चिडायला गावात माणसं काय कमी होती? पण ती सगळी माणसं हसली असती तर तिला काही वाटलं नसतं… हा हसला म्हणून लागलं.

दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत तो तिच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"मी हसायला नको होतं."

"नकोच होतं."

"रंगूची माफी मागून आलोय. आता तुमची मागतो. आणि माफीबरोबर एक काम आहे."

काम असं होतं. मुलींनी मान वर करून बोलायचं, तर तसं बोलणारी एक तरी बाई त्यांनी आधी डोळ्यांनी पाहायला हवी. तेव्हा केशरनं उमेदवार व्हायचं, त्यानं प्राचार्य व्हायचं, आणि मुलींनी नुसतं बघायचं. केशर म्हणाली, बघू. मग म्हणाली, उद्या. आणि दुसऱ्या दिवशी तिनं, अगदी सहज, निळ्या काठाची ठेवणीतली साडी नेसली.

सातही मुली बाकांवर बसल्या होत्या. केशर ताठ मानेनं आत आली, नमस्कार केला, खुर्चीवर बसली. त्यानं नाव विचारलं, गाव विचारलं, शिक्षण विचारलं. तिनं सगळं त्याच्या डोळ्यांत बघून सांगितलं. हे सांगायला सोपं आहे. त्या डोळ्यांत बघून वाक्य शेवटापर्यंत नेणं तितकं सोपं नव्हतं.

"आमच्याकडं पुष्कळ अर्ज येतात," तो प्राचार्यांच्या थाटात म्हणाला. "तुम्हालाच का घ्यावं?"

"कारण घेतलंत तर मी मध्येच सोडून जाणार नाही."

"घरच्यांनी सांगितलं तरी?"

हा प्रश्न ठरलेल्यांतला नव्हता. तरी केशरनं उत्तर दिलं. "घरच्यांना मी अजून विचारलेलं नाही."

"का?"

"नाही म्हणतील म्हणून."

"न विचारता कसं कळलं?"

"साहेब, हा प्रश्न कॉलेजचा आहे… की तुमचा?"

बाकांवर खसखस पिकली. त्याच्या हातातली पेन्सिल खाली पडली, ती उचलायला तो जो वाकला तो बराच वेळ वर येईना. वर आला तेव्हा कान लाल झाले होते. "कॉलेजचाच," तो म्हणाला. आणि मग, प्राचार्यांचा आवाज सोडून, अगदी साध्या आवाजात, "तुम्हाला काय व्हायचंय?" असं विचारून तो त्याच्या सवयीप्रमाणे गप्प बसला.

केशरला वाटलं, काहीतरी तालमीतलं बोलावं. पण तो वाट बघत होता. मुली वाट बघत होत्या.

"मला बी.एड. करायचंय," ती म्हणाली. "कायमची शिक्षिका व्हायचंय. ह्याच शाळेत, असल्या पोरींची."

बोलली आणि तिलाच नवल वाटलं. इतकी वर्षं गिळलेला शब्द बाहेर पडला होता, आणि छप्पर काही कोसळलं नव्हतं.

मग मुलींची पाळी आली. सरांनी रंगूला प्राचार्यांच्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः उमेदवार होऊन समोर बसले. रंगूनं घसा खाकरला, आणि पहिलाच प्रश्न टाकला, "मामाचं गाव कंचं?" सरांनी सांगितलं. "लगीन झालंय का?"

"नाही."

"का न्हाई झालं?"

"अजून कुणी बघायला आलं नाही," सर म्हणाले, आणि वर्ग हसून हसून आडवा झाला. ह्या खेपेला रंगूही हसली. केशर मात्र फळा पुसायला वळली. फळ्यावर काही लिहिलेलंच नव्हतं.

त्यानंतर रोज शाळा सुटल्यावर तालीम रंगू लागली. मुलींच्या माना हळूहळू वर यायला लागल्या, आवाज खणखणीत व्हायला लागले. तालीम संपली की दोघं तक्ते गुंडाळत बसायची. दोन माणसांनी गुंडाळायला लागावेत इतके काही ते मोठे नव्हते, पण हे दोघांनीही कधी बोलून दाखवलं नाही.

पौषात बन्सी लगडांनी शाळेतल्या सगळ्या मास्तरांना शेतावर हुरड्याला बोलावलं. आगटी पेटली, कोवळ्या ज्वारीचा गोड धूर रानभर पसरला. रतनआत्यानं तिळाची चटणी वाढता वाढता नवले मास्तरांच्या आजोबांच्या मामापर्यंत चौकशी केली आणि नवल्यांची एक सोयरीक लगडांतच निघते हे शोधून काढलं. बिचाऱ्याला हुरडा चोळता येत नव्हता. नाचणी-वरईच्या मुलखातला माणूस. गरम कणीस हातात घेतलं की दाणे कमी आणि फुंकर जास्त. शेवटी केशरनं त्याच्या हातातलं कणीस काढून घेतलं, आपल्या तळव्यावर चोळलं, पाखडलं, आणि हिरवे, वाफाळते दाणे त्याच्या ओंजळीत ओतले. बोटं बोटांना लागली. दाणे गरम होते म्हणून असेल, पण हात चटकन कुणीच मागं घेतला नाही.

तेवढ्यात आभाळातून चुकार सर आली, अवकाळी, चार थेंबांची. आगटीतले निखारे चुरचुरले. सगळे खोपीकडं पळाले आणि हे दोघं विस्तवावर घोंगडी धरून उभे राहिले. तो हळू आवाजात सांगत होता की आमच्याकडं पाऊस असा चार थेंब शिंपडून जात नाही. तो येतो तो बिऱ्हाड करूनच राहतो, चुलीशी बसतो, माणसं त्याच्याशी बोलतात.

"एकदा बघायला या…" तो म्हणाला. मग घाईनं, "म्हणजे, सहल घेऊन. मुलींची."

"मुलींचीच," केशर म्हणाली, आणि घोंगडीचं टोक नीट धरल्यासारखं केलं.

असा तो पौष गेला. आणि माघात श्रीरामपूरचं स्थळ आलं.

कापसाच्या व्यापाऱ्याचं घर, राधाकृष्ण नावाचा मुलगा, स्वतःचं दुकान, मागणी काही नाही, शिकलेली सून पाहिजे. रतनआत्या हरखून गेली. बन्सी लगड दुपारभर कुठंतरी जाऊन संध्याकाळी परत आले ते खुशीत. हात-पाय धुता धुता म्हणाले की नवले मास्तर दोन वर्षं श्रीरामपुरात होते म्हणून मुद्दाम त्यांच्याकडंच जाऊन आलो. सगळ्या गावाच्या पोरांना सल्ला देतात, म्हटलं माझ्या पोरीच्या बाबतीतबी द्या.

"मास्तर म्हनलं, पोरगा लाखात एक हाय. सुपारीचं बी येसन न्हाई. आन् त्यांच्यातल्या बाया नोकरी करीत न्हाईत, म्हंजी पोरीला सुखच. येत्या आइतवारी बघाय येत्यात."

केशरच्या हातातला तांब्या तसाच राहिला. राधाकृष्ण चांगला की वाईट, याच्याशी तिला काही कर्तव्य नव्हतं. शिफारस कुणी केली, ते तिच्या काळजात रुतलं. म्हणजे ते तक्ते, ती घोंगडी, तो हुरडा… सगळं आपणच मनात मांडलं होतं? बी.एड. गेलं, शाळा गेली, आणि ज्याच्यासमोर पहिल्यांदा मनातलं बोलली त्यानंच ते आपल्या हातानं मिटवलं.

दुसऱ्या दिवशी ती दिवसभर त्याच्याकडं बघेना. शाळा सुटल्यावर मुलींना तिनं आज तालीम नाही म्हणून सांगितलं. तो रिकाम्या वर्गात भारताचा नकाशा गुंडाळत होता, तिथं ती जाऊन उभी राहिली.

"माझं स्थळ चांगलं आहे म्हणे."

त्याचे हात थांबले. "तुमच्या वडिलांनी खरं काय ते विचारलं. राधाकृष्ण माझ्या शेजारी राहायचा. मी तापानं पडलो होतो तेव्हा आठवडाभर सायकलवरून डबा आणून देत होता. त्याला वाईट कसं म्हणू?"

"म्हणू नका ना. लाखात एक म्हणा. आणि मला देऊन टाका."

"मी आणखी दोन गोष्टी सांगितल्या होत्या," तो म्हणाला. "त्यांच्या घरी सुनेला नोकरी करू देणार नाहीत, याचा विचार करा. आणि सगळ्यांत आधी केशरबाईंना विचारा."

"पहिली गोष्ट आबांनी गुण म्हणून सांगितली. दुसरी सांगितलीच नाही."

मैदानावर पोरांचा खेळ चालला होता, त्याचा गलका आत येत होता. केशरचा राग उतरला होता. पण राग उतरल्यावर खाली जे उरलं होतं ते जास्त अवघड होतं.

"आल्यापासून ज्याला त्याला विचारता, तुला काय हवंय," ती म्हणाली. "तुम्हाला कुणी विचारलंय कधी?"

"नाही."

"मी विचारते. तुम्हाला काय हवंय?"

आणि या वेळी ती गप्प बसली. त्याच्यासारखीच. तो नकाशा उलगडत गेला, गुंडाळत गेला. तिनं त्याला मदत केली नाही.

"तुम्ही," तो अखेर म्हणाला. "मला… तुम्ही हव्या आहात. बाजारात ट्रंक मिटायला सांगितलीत तेव्हापासून. तुमचं बी.एड. व्हायला हवं, ते वेगळं. मी नसलो तरी ते व्हायला हवं. पण असलो, तर मला फार आवडेल."

"हे आबांना का नाही सांगितलंत?"

"ते सल्ला मागायला आले होते. सल्ल्याच्या आडून आपलंच घोडं पुढं दामटायचं… बरं दिसलं नसतं, केशर."

नावापुढचं 'बाई' गळून पडलं होतं, हे दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. केशरला हसू आलं आणि त्याबरोबर डोळेही भरून आले, आणि त्या दोन्हींचं काय करावं हे न कळून तिनं नकाशाचं दुसरं टोक धरलं.

"आणि रविवारी मी पाटावर जाऊन बसले, तर ते बरं दिसेल?"

"नाही," तो म्हणाला. "चला. तुमच्या घरी. मी बोलतो."

"तुम्ही नाही. मी बोलते. तुम्ही नुसते बरोबर चला."

बन्सी लगड अंगणात दोर वळत बसले होते. रतनआत्या सुपात ज्वारी निवडत होती. दोघांना एकत्र येताना पाहून आत्याचं सूप थांबलं. केशरनं चपला काढल्या, वडिलांसमोर उभी राहिली आणि मान वर ठेवून बोलली. मला पुण्याला बी.एड.ला जायचंय, आबा. एक वर्ष. शाळा मला सोडायची नाही. आणि लग्न करायचं ते नवले सरांशी.

बन्सींचे दोर वळणारे हात थांबले. केशरनं नजर खाली केली नाही.

"मास्तर," बन्सी सावकाश म्हणाले, "माझ्या पोरीला शाळंत ह्ये शिकिवलं व्हय तुमी?"

"मी नाही शिकवलं. मी फक्त विचारलं," तो म्हणाला. "पण तिनं सांगितलं ते माझ्याही मनात आहे."

"कवापास्नं?"

"पहिल्या दिवसापासून."

बन्सींनी दोर बाजूला ठेवला. काहीतरी मनात जुळवत असल्यासारखे ते त्याच्याकडं बघत राहिले. "म्हंजी काल मी तुमच्याकडं आल्तो, तवा बी हे मनात हुतं?"

"होतं."

"आन् तरी बी राधाकृष्ण चांगला म्हनलात?"

"तो चांगलाच आहे."

"अवो मास्तर," बन्सी म्हणाले, आणि त्यांच्या आवाजातला ताठा कुठल्या कुठं गेला, "माझं केस पांढरं झालं बैलाच्या बाजारात. आपली गरज आसून दुसऱ्याच्या बैलाला बरं म्हननारा मानूस मला आजपातूर भेटला न्हाई. आपल्या ताटातला घास उचलून त्याच्या ताटात वाढत हुता की." ते आत्याकडं वळले. "रतने, हा गडी माझ्याम्होरं स्वतःच्या नुकसानीचं खरं बोलला. ह्याच्या घरी पोरगी दिली तर वाईट व्हील का?"

रतनआत्या म्हणाली की नवल्यांची सोयरीक लगडांत आहेच, ते तर मी हुरड्याच्या दिवशीच काढलंय, पण बी.एड.-बिएडचं वर्ष कशाला मधी? त्यावर बन्सी म्हणाले, वर्षानं काय म्हातारी होत न्हाई ती. आणि मग त्यांनी केशरकडं बघितलं. असं बघितलं की केशरला आई गेल्यानंतरचे सगळे दिवस एकदम आठवले, आणि आपण या माणसाला इतकी वर्षं विचारलंच नाही याचं तिला वाईट वाटलं.

"मला आधी का न्हाई बोललीस गं?"

"तुम्ही नाही म्हणाल असं वाटलं, आबा."

"म्हनलो असतो बी," ते प्रामाणिकपणे म्हणाले. "पर दुसऱ्यांदा इचारायचं." मग धोतराला हात पुसत उठले, घरातून टाक, शाई आणि कागद घेऊन आले आणि ते नवले मास्तरांच्या पुढ्यात ठेवले. "आता बसा. श्रीरामपूरकरांना नकार तुमीच लिवा. तुमीच चांगलं म्हनलं हुतं, तुमीच निस्तरा."

गोरक्षनाथ पाटावर मांडी घालून लिहायला बसला. रामराम झाला, खुशाली झाली, रविवारी येण्याची तसदी घेऊ नये, हेही झालं. मग तो अडला. कारण काय लिहायचं?

"गुन जुळत न्हाईत म्हून लिवा," आत्यानं रिवाज सांगितला. "समदी तसंच लिवत्यात."

"खोटं नको," केशर म्हणाली. ती त्याच्या खांद्यामागं येऊन उभी राहिली होती. "त्यांचा मुलगा चांगला आहे, त्याच्या पत्रिकेला कशाला नाव ठेवायचं? लिहा, मुलीला पुढं शिकायचंय. आणि नवरा तिनं स्वतःच पसंत केलाय."

"अगं, असं कुनी लिवतं व्हय?" आत्या म्हणाली.

"लिवा, मास्तर," बन्सी म्हणाले. "पोरगी सांगती तसं लिवा."

गोरक्षनाथनं टाक शाईत बुडवला आणि लिहायला घेतलं. राधाकृष्णच्या घरी कुणीतरी हे पत्र मोठ्यानं वाचणार होतं, आणि राधाकृष्ण, जसा होता तसा, बहुतेक हसणार होता. त्या एका ओळीत मास्तरांचं सुंदर अक्षर थोडं वाकडं गेलं, कारण वाचायला म्हणून खाली वाकलेल्या केशरनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता आणि तो काढायचं तिच्या लक्षातच आलं नाही.